शिजवलेला थकवा

डिसेंबर उजाडला की कारखान्यात भांडणं लागत आणि उमाकांत सोनटक्केला ती मनापासून आवडत. पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी ठरायची असे. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आणि दोन ऑक्टोबर या चार तारखांना कुणी हात लावत नसे. उरलेल्या चारांवरून मात्र रणकंदन. फाउंड्रीला चौदा एप्रिल हवी, मशिन शॉपला पोळा हवा, पेंट शॉपला ईद हवी आणि दिवाळीचे दोन दिवस तर सगळ्यांनाच हवेत. एका बाजूला युनियन, दुसऱ्या बाजूला मॅनेजर आणि मध्ये टाइम ऑफिसचा उमाकांत. चहाच्या तीन फेऱ्या होत, एकदा तरी कुणीतरी रागावून उठून जाई आणि संध्याकाळपर्यंत यादी ठरे. मग उमाकांत ती आपल्या वळणदार अक्षरात लिहून नोटीस बोर्डावर लावी, आणि वाळूजच्या त्या पंपांच्या कारखान्यातली सहाशे माणसं बोर्डापुढे गर्दी करून पुढच्या वर्षाचे बेत आखत.

हे सगळं विश्रांती संहिता यायच्या आधीचं.

यादी आवडायची, पण रजेचे अर्ज त्याच्या डोक्यात जायचे. पंचवीस वर्षं तो टाइम ऑफिसच्या खिडकीत बसला होता आणि पंचवीस वर्षं लोक त्याच्या तोंडावर खोटं बोलत आले होते. एका टर्नरच्या आजीनं सात वर्षांत चार वेळा देह ठेवला होता. एका वेल्डरला क्रिकेटचा सामना आला की हटकून हगवण लागे. ज्यांना काहीच सुचत नसे ते ‘घरगुती कारणास्तव’ लिहून मोकळे होत. स्वतः उमाकांतनं कधी खोटा अर्ज केला नव्हता, आणि हे तो चारचौघांत जरा जास्तच वेळा सांगे. त्यामुळे पट्टा आला तेव्हा साऱ्या कारखान्यात सगळ्यांत जास्त आनंद कुणाला झाला असेल, तर त्याला.

पट्ट्यामागचं शास्त्र सोपं होतं. माणूस राबतो तेव्हा त्याच्या पेशींची झीज होते आणि विश्रांतीत ती भरून निघते. झीज जास्त आणि भरपाई कमी, असं होऊ लागलं की एक सूक्ष्म प्रथिन रक्तात साचत जातं आणि घामातून बाहेर पडतं. संशोधकांनी त्याला नाव दिलं ‘श्रांतिक’. घड्याळासारखा एक पातळ पट्टा मनगटावर बांधला की घामातलं श्रांतिक दर दहा मिनिटांनी मोजता येई आणि शून्य ते शंभर असा आकडा मिळे. माणूस किती थकलाय, हे त्याला विचारायची गरजच संपली. थकवा पहिल्यांदाच तापासारखा मोजता येऊ लागला.

मग कायदा झाला, विश्रांती संहिता. सुट्टी विश्रांतीसाठी असते, म्हणून ज्याला विश्रांती हवी त्याला, हवी तेव्हा ती मिळावी. आकडा सत्तरच्या वर गेला की दुसऱ्या दिवशी आपोआप सुट्टी. अर्ज नाही, विनवण्या नाहीत. आकडा खाली असेल तर मात्र कशासाठीच नाही. रविवार गेले, सणांच्या सुट्ट्या गेल्या, डिसेंबरातली यादी गेली. युनियननंही विरोध केला नाही, कारण हिशेब मांडला तेव्हा वर्षाचे सुट्टीचे दिवस आधीपेक्षा नऊनं वाढत होते. युनियननं एकच अट घातली: पट्ट्यानं थकव्याशिवाय दुसरं काही मोजायचं नाही. नाडी नाही, रक्तदाब नाही. कामगारांची दुखणी मालकाला कळता कामा नयेत. अट मान्य झाली आणि गुलाल उधळला गेला.

नऊ दिवस वाढले, पण ते एकेकट्याचे होते. नवरा घरी तर बायको कामावर, भाऊ मोकळा तर बहीण पाळीत. लग्नाला येईल तो येईल, असं पत्रिकेतच छापू लागले. गणपती बसत, पण आरतीला कधी चौघं तर कधी घरातलं एकटंच कुणीतरी. लोक कुरकुरले आणि सरावले.

काही मात्र सरावले नाहीत. ते थकवा शिजवू लागले. हा शब्द मशिन शॉपमधला. सण आठवड्यावर आला की ही मंडळी जेवण सोडत, झोप मोडत, गच्चीवर धावून धावून घाम काढत आणि नेमक्या दिवशी आकडा सत्तरच्या पार नेत. कंपनीनं त्यावरही उपाय काढला. सणाच्या आधी आकडा झपाट्यानं चढला की यंत्र तो आलेख ‘संशयित’ म्हणून बाजूला काढी आणि निकालासाठी टाइम ऑफिसकडे पाठवी. वशिलेबाजी नको म्हणून आलेखावर नाव नसे, टोकन नंबर नसे. नामंजूर झालेल्याचा आकडा आठ दिवस गोठवला जाई. तो कितीही चढला तरी सुट्टी लागत नसे. या कामात उमाकांतचा हात धरणारा कुणी नव्हता. शिजवलेल्या थकव्याला पायऱ्या असतात, तो सांगे. रात्री चढतो, दिवसा टेकतो, पुन्हा रात्री चढतो.

जुलैत मुजीब शेख खिडकीशी आला. मशिन शॉपमधला फिटर, चाळिशीचा, एरवी बोलघेवडा. सकाळचे सात वाजले होते आणि त्याच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

“साहेब, अब्बा गेले. पहाटे. दुपारच्या नमाजनंतर दफन आहे.”

उमाकांतनं त्याच्या मनगटाकडे पाहिलं. एकवीस.

“मुजीब, आकडा एकवीस आहे तुझा.”

“आकड्याचं मला नाही माहीत, साहेब. बाप गेलाय माझा.”

उमाकांतला आठवत होतं, जुन्या काळी याच मुजीबनं मेव्हण्याच्या लग्नासाठी अर्जात चुलत्याला मारलं होतं आणि पुढच्याच महिन्यात तो चुलता गेटवर डबा घेऊन आला होता. सारं खातं पोट धरून हसलं होतं. पट्ट्याच्या माहितीपुस्तकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती, तीही त्याला आठवत होती: मोठ्या आघातानंतर श्रांतिकाची मात्रा काही दिवस घसरू शकते. मनाला जबर धक्का बसला की शरीर सगळी रसायनं पणाला लावून माणसाला उभं ठेवतं आणि थकवा मागे सारतं. ही ओळ वाचलेला अख्ख्या कारखान्यात बहुधा तो एकटाच होता. पण ती ओळ माहितीपुस्तकातली होती, नियमातली नव्हती.

“मागे चुलता मेला होता तुझा,” तो म्हणाला.

मुजीबचा चेहरा पडला. “तेव्हा खोटं बोललो, साहेब. आज खरं सांगतोय.”

“माणूस खोटं बोलतो. यंत्र खोटं बोलत नाही. मी काय करू?”

न सांगता जावं, तर मुजीबच्या नावावर बेकायदा गैरहजेरीचे दोन शेरे आधीच होते. तिसऱ्याला नोकरी जायची. तो आत गेला. बापाला मूठमाती दिली जात होती तेव्हा तो पंपाच्या शाफ्टला बेअरिंग बसवत होता. त्या दिवशी घरी जाताना उमाकांतला जरा कसंतरी वाटलं, पण ते चहाबरोबर उतरलं.

ज्योत्स्ना, उमाकांतची बायको, त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. एकुलती एक केतकी लग्न होऊन नांदेडला गेली होती. दोघंच घरात आणि दोघंही एकमेकांना भेटत ते चपला घालताना नाहीतर काढताना. गेल्या दोन वर्षांत दोघांची सुट्टी एकदाही एका दिवशी आली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळी पाडव्याला दोघं स्कूटरवरून पैठणला गेले होते, नाथसागराच्या काठावर बसून फराळाचा डबा संपवला होता. मग ती प्रथाच पडली. पट्टा आला आणि ती मोडली.

दिवाळी पाडव्याला दोन दिवस होते तेव्हा ज्योत्स्ना संध्याकाळी कामावरून आली. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून येईतो तिला धाप लागली होती. दारातल्या स्टुलावर बसूनच तिनं विचारलं, “अहो, तुमचा पट्टा पुढच्या सुट्टीचा अंदाज काय दाखवतोय?”

वार्षिक तपासणीच्या कामानं उमाकांतचा आकडा महिनाभर मुंगीच्या पावलानं चढत होता. “पाडवा,” तो म्हणाला. “पण तुझं काय?”

“माझाही चढतोय. एकोणसत्तर झाला.” ती हसली. “आपोआप.”

“आपोआप?” उमाकांतनं चष्मा काढला. “ज्योत्स्ना, काय करतेस तू? जेवत नाहीस नीट, मी बघतोय.”

“भूक लागत नाही हो. पायही जड झालेत. उभं राहायचं काम.”

“मला शिकवू नकोस. सत्तावीस वर्षं हेच ऐकतोय मी. माझ्याच घरात थकवा शिजवायला लागलीस?”

ती पदरानं वारा घेऊ लागली. मग म्हणाली, “शिजवतेय म्हणा हवं तर. पैठणला जायचंय ना? डब्यात काय घ्यायचं ते सांगा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी संशयित आलेख आले. पाच होते. पहिल्या चारांना ठसठशीत पायऱ्या होत्या. उमाकांतनं चार मिनिटांत चारही नामंजूर केले. पाचव्याला पायऱ्या नव्हत्या. तो घाटाच्या चढासारखा दिवसरात्र सारखा चढत गेला होता. झोपेतही उतरत नव्हता. मागच्या मंगळवारी कामाची नोंद नव्हती, तरीही उतरला नव्हता. आणि काल संध्याकाळचं टिंब एकोणसत्तरवर होतं.

उमाकांतनं पेन खाली ठेवलं. मागचा मंगळवार. माल न आल्यानं पॅकिंग बंद होतं, म्हणून ज्योत्स्ना मंगळवारी घरी होती आणि दिवसभर पडून होती. तो कामावरून आला तेव्हा घरात दिवा लागला नव्हता, म्हणून तो चिडला होता.

असा आलेख त्यानं कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या कुणाचा असता तर त्यानं सरळ मंजूर केला असता. पायऱ्या नाहीत तर शिजवलेला नाही, हा त्याचाच नियम होता. पण तो मंजूर करायला हात उचलला आणि त्याच्या डोळ्यांपुढे सगळं खातं उभं राहिलं. सोनटक्क्यांच्या घरात दोघांनाही नेमकी पाडव्याची सुट्टी! मुजीबच्या बापाला एकवीस आणि सोनटक्क्यांच्या बायकोला पैठण! लोक तोंडात शेण घालतील. सत्तावीस वर्षांची इभ्रत एका फराळाच्या डब्यापायी जाईल. खरं तर विचारणारं कुणी नव्हतं, आलेखावर नावही नव्हतं. तरी त्याला वाटलं, की हा आपल्या माणसाचा आहे म्हणूनच आपण पायऱ्या शोधायला कचरतोय. माणूस आपल्या माणसासाठी स्वतःशीही खोटं बोलतो. त्यानं पेन उचललं आणि लिहिलं: कृत्रिम थकवा. नामंजूर.

लिहिल्यावर त्याला हलकं वाटलं, अभिमानही वाटला. याची लाज त्याला पुढे जन्मभर पुरणार होती.

पाडव्याच्या पहाटे ज्योत्स्नानं त्याला तेल लावलं, उटणं लावलं. तेल लावताना ती दोनदा थांबून भिंतीला टेकली. आंघोळ झाल्यावर तिनं त्याला पाटावर बसवून ओवाळलं. तिच्या मनगटावर अठ्ठ्याहत्तर होते.

“बघा ना,” ती म्हणाली. “अठ्ठ्याहत्तर आणि सुट्टी नाही. कुणीतरी नामंजूर केली.”

उमाकांतनं चकली मोडली. ती तशीच त्याच्या हातात राहिली.

“तुम्हीच केलीत ना?”

“त्यावर नाव नसतं.”

“नाव नसतं. पण तुम्हाला कळलं होतं.”

“कळलं, म्हणूनच,” उमाकांत म्हणाला. “परक्याची असती तर केली असती मंजूर. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको.”

ज्योत्स्नानं तबक देवापुढे ठेवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, “परकी असते तर बरं होतं मग.” तिनं पर्स घेतली, चपला घातल्या. “डबा भरून ठेवलाय. तुम्ही जाऊन या पैठणला. तुमची सुट्टी कशाला वाया घालवता?”

तो गॅलरीत उभा राहिला. खाली फाटकापर्यंत जाताना ती एकदा पारिजातकाभोवतीच्या कट्ट्यावर बसली, मग उठली आणि बसच्या दिशेनं गेली. त्याला वाटलं, मला दाखवायला बसली असेल.

फोन साडेअकराला आला. ती पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यावर खोकी चिकटवत होती आणि खोकं हातात घेऊनच खाली कोसळली होती. उमाकांत रुग्णालयात पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

डॉक्टर तरुण होती, तिशीही न ओलांडलेली. “हृदयाचे स्नायू खूपच दुबळे झाले होते,” ती म्हणाली. “विषाणूसंसर्गानंतर होतं असं. महिनाभर तरी त्रास असणार. धाप, पायांना सूज, भूक नाही. रक्त पुरेसं पोचत नाही, मग माणूस बसल्या जागीही थकतो, झोपेतही थकतो. विश्रांती मिळून उपचार झाले असते तर बऱ्याच अंशी सुधारलं असतं.” ज्योत्स्नाच्या मनगटाकडे पाहून ती थांबली. “यांच्या हाताला पट्टा होता ना? मग आकडा चढला असेल की. यांना सुट्टी कशी नाही मिळाली?”

उमाकांतनं ज्योत्स्नाच्या पायांवरची चादर नीट केली. डॉक्टर क्षणभर थांबली आणि मग दुसऱ्या रुग्णाकडे गेली.

संध्याकाळी स्मशानात अकरा माणसं होती. ज्यांची सुट्टी होती ती, आणि पाळी संपवून थेट आलेली काही. केतकी शेरा पत्करून नांदेडहून आली होती. घरून निघताना खांदा द्यायला चौथा माणूस मिळेना, तेव्हा तीच पुढे झाली. पाळीवरून आलेल्यांत गणवेशातला मुजीबही होता. तो मागे उभा होता. चितेला अग्नी देताना उमाकांतनं सवयीनं मनगट पाहिलं आणि लगेच बाही खाली ओढली.

भाऊबीजेच्या सकाळी पट्टा थरथरला. मात्रा एकोणीस. आपण ताजेतवाने आहात. पहिली पाळी, सात वाजता.

“बाबा, जाऊ नका,” केतकी म्हणाली. “एक शेरा लागेल, लागू दे. तुमच्यावर तर एकही नाही.”

ते खरं होतं. त्याला घरी राहता आलं असतं. पण त्यानं चपला घातल्या. “मुजीब गेला होता,” तो म्हणाला. कोण मुजीब, हे केतकीला कळलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

टाइम ऑफिस उघडून तो खुर्चीत बसला. खालच्या खणात जुन्या रजा-अर्जांचा एक गठ्ठा पिवळा पडून राहिला होता. उंदरांनी कडा कुरतडल्या होत्या. त्यानं वरचा कागद काढला आणि आपल्या वळणदार अक्षरात भरायला घेतला. नाव: सौ. ज्योत्स्ना उमाकांत सोनटक्के. खातं: पॅकिंग. दिवस: एक. दिवाळी पाडवा. कारणाच्या रकान्यात त्यानं, ज्या शब्दांचा आयुष्यभर तिटकारा केला, तेच लिहिले: घरगुती कारणास्तव. खाली ‘मंजूर’ लिहून सही केली. सहीखाली तारीख घालायची असते. कालची घालावी की आजची, हे त्याला ठरवता येईना.

खिडकीशी सावली पडली. मुजीब होता. कागद उलटा असूनही त्यानं तो कारणाच्या रकान्यापर्यंत वाचला.

उमाकांतनं घाईघाईनं दुसरा अर्ज काढून खिडकीतून पुढे सरकवला. “मुजीब, हा घे. जुलैचा. तुझ्या अब्बांचा. तारीख टाक, मी सही करतो.”

“आता काय करू मी त्याचं, साहेब?”

“कर रे. माझ्यासाठी कर.”

मुजीबनं कागदाला हात लावला नाही. “तुमच्यासाठीच आलो होतो मी काल,” तो म्हणाला. “वहिनींसाठी. सही नको मला तुमची.” मग त्यानं खिडकीतून आत हात घातला आणि उमाकांतची बाही अलगद वर सरकवली. त्यात दांडगाई नव्हती. डॉक्टर बघतो तसं त्यानं मनगट धरून पाहिलं.

“एकोणीस,” तो म्हणाला.

उमाकांतनं मान हलवली.

“माझा एकवीस होता.”

सातचा भोंगा झाला. मुजीबनं बाही पुन्हा खाली केली, बटण लावलं आणि तो आत कामाला गेला.